नानांनी गाळलेलं क्रियापद

धार सोडलं तेव्हा आमचं सगळं सामान एका मेटॅडोरमध्ये मावलं आणि वर जागा उरली. माझ्या मोठ्या बहिणीचा, शुभाताईचा पलंग, तिची सायकल, तिच्या पुस्तकांची पेटी कुणाकुणाला देऊन टाकली होती. नाना पुढे ड्रायव्हरशेजारी बसले, आई आणि मी मागे गाद्यांच्या वळकट्यांवर. फाटकाशी गल्लीतल्या बायका उभ्या होत्या. मास्तरांनी धारची चांगली चाललेली शाळा सोडून देवासला बदली का मागून घेतली, हे त्यांच्यातल्या एकीनेही विचारलं नाही. धार ते देवास म्हणजे काही विलायत नव्हे, जेवून निघालेला माणूस चहाला पोचतो. तरी सगळ्या रडत होत्या. मी वळून वळून बघत होते तर आई म्हणाली, "मागे नको बघून राहूस, मान अवघडेल." मी नऊ वर्षांची होते, आणि मला वाटलं तिला खरंच माझ्या मानेची काळजी आहे.

हे मी तुम्हा सगळ्यांसाठी लिहितेय. सरदारपूरला आणि देवासला जे राहिले त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखे बाहेर पडून पुण्याला, बंगलोरला, न्यू जर्सीला जाऊन बसलेत त्यांच्यासाठीही. गेल्या हिवाळ्यापासून आपल्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या आईला रोज हात जोडले जातायत. ते थांबवा, एवढंच मला सांगायचंय. पण का थांबवा हे सांगायला पार धारपर्यंत मागे जावं लागणार. धाकट्यांची शाळा हिंदीत झाली, इतकं मराठी वाचायचं तुमच्या जिवावर येईल हे मला ठाऊक आहे. मोठ्यांना मोठ्याने वाचायला सांगा.

नाना धारच्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवायचे. मुलं नालछ्याची, गंधवानीकडची, घरी माळवी किंवा भिली बोलणारी, शाळेत हिंदी. ह्या मुलांना इंग्रजी पाठ करून कधीच येणार नाही असं नानांचं ठाम मत होतं, म्हणून ते क्रियापदं करून दाखवायचे. एका क्रियापदासाठी बाकावरून उडी मारायचे, दुसऱ्यासाठी उंबऱ्याला ठेचकाळून खरोखर पडायचे. मुख्याध्यापक वैतागायचे. नानांचं सगळ्यात लाडकं क्रियापद होतं स्मोल्डर. त्या धड्याच्या दिवशी ते घरून लोखंडी घमेल्यात कंडे, म्हणजे आपल्या शेणाच्या गोवऱ्या, पेटवून न्यायचे, त्यांच्यावर राख पांघरायचे आणि घमेलं टेबलावर ठेवायचे. "बोलो, बुझ गई?" सगळा वर्ग ओरडायचा, "बुझ गई, सर!" मग ते एकेकाला पुढे बोलावून राखेवर तळहात धरायला लावायचे. "ये है स्मोल्डर. लपट नहीं, आवाज नहीं, और अंदर सब चालू."

घरी जेवताना तोच धडा आम्हाला पुन्हा मिळायचा. बर्न काय, कुणालाही येतं, नाना म्हणायचे. कागद बर्न, पोळी बर्न, ऊन लागलं तरी बर्न. पण ज्वाळा न दाखवता, नुसता धूर सोडत, सावकाश जळत राहायचं ह्याला इंग्रजांनी वेगळा शब्द ठेवलाय. आपल्याकडे धुमसणं, हिंदीत सुलगना. म्हणजे ह्या एका बाबतीत तरी तिन्ही भाषांचं एकमत आहे. त्यांचं उदाहरणाचं वाक्य ठरलेलं होतं, राखेखाली कंडे धुमसत होते. शुभाताई ओढणी उपरण्यासारखी खांद्यावर टाकून त्यांची हुबेहूब नक्कल करायची आणि नाना हसता हसता ताटावर वाकायचे. आमच्या घरी इतकं हसू होतं, हे तुमच्यातल्या कित्येकांना माहीतच नाही.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी नालछ्याच्या पुढे, मांडवच्या रस्त्यावर एका देवळापाशी आम्ही बाफल्यांचा बेत केला. नाना, आई, आम्ही दोघी, आणि सरदारपूरहून नानांचे सख्खे धाकटे भाऊ बाळकाका, काकू नि त्यांचा मुलगा. जीप भाड्याची होती, ड्रायव्हर कैलास भिया नालछ्याचाच. बाफले कसे करतात ते तुम्हाला सांगायला नको, पण तुमच्या तिकडे वाढलेल्या मुलांना सांगते. जाड्या पिठाचे गोळे हळदीच्या पाण्यात उकडायचे, मग कंड्यांच्या निखाऱ्यांवर भाजायचे, आणि पानं घेईपर्यंत तिथेच राखेत पुरून ठेवायचे म्हणजे गरम राहतात. नैवेद्य दाखवून झाला, जेवणं झाली. नाना आणि काका झाडाखाली पत्ते घेऊन बसले. आई नि काकू भांडी गोळा करत होत्या. मी आणि काकांचा मुलगा लांब बसून मांडवची ती मोठ्ठी खुरासानी चिंच फोडून चोखत होतो. कैलास भिया हापशावरून बादली भरून घेऊन आला, विस्तवावर ओतायला. बादलीची कडी वाजलेली मला आठवते. मग कुणीतरी त्याला म्हणालं की अग्नीवर पाणी ओतायचं नसतं, निवेल आपोआप.

हे आपल्याच घरांत म्हणतात. दिवा विझवला म्हणायचं नाही, शांत केला म्हणायचं. ज्या विस्तवावर देवाचा नैवेद्य शिजला त्याला पाण्याने मारायचं नाही, राख पांघरून निजवायचं. माळव्यातल्या दुसऱ्या कुणालाही विचारा, तो जेवण झालं की पाणी ओततो, पायाने माती लोटतो आणि घरी जातो. आपण दरबारी माणसं. पणजोबा संस्थानात असताना जे पाळायचे ते आपण पाळणार, देव्हाऱ्यात पाळणार आणि रस्त्याच्या कडेलाही पाळणार. कैलास भियाने बादली तशीच बाजूला ठेवली. राख पांढरीशुभ्र दिसत होती.

नानांना करकरीत भाजलेला बाफला आवडायचा. राखेत एखादा उरला असेल म्हणून ताई शोधायला वाकली. त्या दिवशी तिने हट्टाने काकूची नायलॉनची साडी नेसली होती, फोटोसाठी. वारं आलं. ह्यापुढचं मी लिहिणार नाही. ताई सोळा वर्षांची होती.

आधी धारचा दवाखाना, मग इंदूरचा मोठा, आणि आठवडा व्हायच्या आत सगळं संपलं. इंदूरला दवाखान्याच्या व्हरांड्यात बाळकाका कैलास भियावर धावून गेले. तो हात जोडून म्हणाला, "मैं तो पानी ले के आया था, भिया. घर के लोगों ने मना कर दिया." काका ओरडले, कुणी? आई भिंतीला टेकून खाली बसली होती. नाना म्हणाले, "मी." काकांनी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "वर्गात तर पोरांना राखेवर हात धरायला लावतोस रे दादा." हे शेवटचं वाक्य. त्यानंतर बाळकाका आपल्या भावाशी कधीच बोलले नाहीत. पुढे लग्नं झाली, मुंजी झाल्या, सरदारपूरहून पत्रिका यायच्या त्या आईच्या नावाने.

देवासला टेकडीच्या पायथ्याशी आम्ही भाड्याने राहिलो. नानांनी पूजा सोडली. वर्गात घमेलं न्यायचं सोडलंच, उड्या मारायचंही सोडलं, चारचौघांसारखे गाइडमधून शिकवायला लागले. आणि घरातून जळणं हा शब्दच गेला. कुणी ठरवलं नव्हतं, पण गेला. दूध खाली लागायचं, पोळी काळी व्हायची, दिव्याचा बल्ब जायचा. शेजारणी आईला म्हणायच्या, तुमच्याकडे किती जपून बोलतात हो. आई हसायची. अकरावीत असताना माझ्या इंग्रजीच्या धड्यात ते क्रियापद आलं. मला अर्थ ठाऊक होता, तरी मी पुस्तक नानांपुढे धरलं आणि विचारलं. कुठल्याही शब्दाला पेपर खाली टाकून उठणारे नाना म्हणाले, "कोशात बघ." मी बघितलं. कोशात दोन अर्थ होते, एक आगीचा आणि दुसरा मनातल्या मनात दाबून ठेवलेल्या रागाचा. मी पुस्तक मिटलं.

मला नानांचा राग होता, हे सरळच लिहिते. त्यांच्या एका वाक्याने माझी बहीण गेली, आणि ते वाक्य धड त्यांचं स्वतःचंही नव्हतं, पणजोबांचं होतं. लग्न करून समीरबरोबर कॅनडाला निघाले तेव्हा इंदूरच्या विमानतळावर नाना म्हणाले, "थंडी असेल, कान झाकत जा." मी वाकले, ते रीत म्हणून. पुढची सगळी वर्षं फोन आईला. नानांच्या वाट्याला, "नाना बरे आहेत ना?" एवढं एक वाक्य, तेही आईमार्फत. एका दुपारी ते खुर्चीत पेपर वाचता वाचता गेले. बाळकाका तेराव्यालाही आले नाहीत, काकू आली. मी आईचं घर आवरलं, भांडी वाटली आणि तिला घेऊन इकडे आले.

आम्ही राहतो ते ब्रिटिश कोलंबियाच्या आतल्या भागात, उघड्याबोडक्या डोंगरांमधलं गाव आहे. मी दातांच्या दवाखान्यात काउंटरला असते. ज्याच्यापासून देवासातून पळाले त्या क्रियापदाने मला इथे बरोबर गाठलं. पार्लरमधली पोर माझ्या पापण्यांना काळं फासून म्हणाली, बघ आता तुझे डोळे कसे स्मोल्डरिंग दिसतायत, आणि मी अर्ध्यातून उठले. शेजारी अंगणात मांस भाजतो, निघताना ओरडून बायकोला सांगतो, राहू दे तसंच स्मोल्डर होत. पण खरं ते ऐकू येतं उन्हाळ्यात. इथे उन्हाळा म्हणजे वणव्यांचा ऋतू. दुपारी सूर्य तांबडा भोपळा होतो, खिडक्यांना टेप लावायच्या, कारवर राख. सकाळी रेडिओ सांगतो की अमक्या डोंगरावरची आग आता पसरत नाही, फक्त स्मोल्डर होतेय. ऑफिसातले लोक हुश्श करतात. मला त्याहून भीतीचं वाक्य माहीत नाही. इथे झाडांच्या मुळांतून, जमिनीच्या पोटात आग हिवाळाभर राहते, वर बर्फ असतं, आणि वसंतात ती पुन्हा वर येते. मी हे वाचलं तेव्हा कुणाला सांगावं ते कळेना. सांगण्यासारखा एकच माणूस होता, आणि तो देवासला खुर्चीत गेला.

आईचा तो पहिलाच उन्हाळा होता. तिला इंग्रजी येत नाही, रेडिओ नुसता सोबतीला लावून ठेवायची. एका सकाळी मी डबा भरत होते तर म्हणाली, "विनू, ते ह्यांचा शब्द म्हणून राहिलेत ना?" मी विचारलं, कुठला? तिने आवाज बारीक केला आणि म्हणाली, "तोच. घमेल्याचा." एवढ्या वर्षांत आम्हा दोघींपैकी कुणी त्या घमेल्याचा उल्लेख केला नव्हता. मी हो म्हटलं. तिने रेडिओ पुन्हा मोठा केला आणि शेवटपर्यंत ऐकला, एक अक्षर कळत नसताना.

त्याच आठवड्यात टीव्हीवर दाखवत होते, आग आटोक्यात आल्यावर ती माणसं काय करतात. रांगेने गुडघ्यांवर बसतात, हातमोजा काढतात आणि उलटा हात राखेवर फिरवत पुढे सरकतात, तसूतसूने, सबंध डोंगर. जिथे ऊब लागेल तिथे खणायचं, पाणी ओतायचं, पुन्हा हात ठेवून बघायचा. आई सोफ्याच्या टोकाला शेंगा सोलत बसली होती. "काय करून राहिलेत हे?" मी सांगितलं. "पाणी ओततात?" हो. "सगळ्या राखेवर?" हाताला गार लागेपर्यंत, मी म्हटलं. तिने हातातली शेंग सोलून संपवली. मग, वाण्याकडून काय आणायचं ते सांगावं तशा आवाजात म्हणाली, "मी ओतू दिलं नाही."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय.

"कैलासने बादली उचलली होती. मी म्हटलं, ठेव. नैवेद्य झालाय त्याच्यावर, आमच्यात पाणी नाही ओतत. हे तर पत्ते खेळून राहिले होते, ह्यांनी मान सुद्धा वर केली नाही."

"मग दवाखान्यात नाना का म्हणाले, मी?"

"भाऊजी ओरडून राहिले होते ना. मी खाली बसलेली. ह्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, आणि म्हणाले."

"आणि घरी आल्यावर?"

"घरी आल्यावर काय," आई म्हणाली. "ह्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. राहून गेलं."

राहून गेलं! एखाद्या माणसाला त्याचा भाऊ आयुष्यभर टाकतो, त्याची मुलगी त्याला फोनवर बोलावत नाही, तो आपले देव माळ्यावर ठेवतो, आणि जिने एका वाक्यात हे सगळं थांबवलं असतं तिचं राहून जातं. मी तिच्यावर ओरडणार होते. पण तिच्या मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या होत्या आणि तिला ते दिसतही नव्हतं.

त्या दिवसापासून तिने एकच धरलं. "मला सरदारपूरला ने. भाऊजींना सांगायचंय. ह्यांच्यावरचं उतरवून टाकू दे मला, मग माझं काय व्हायचं ते होवो." समीर म्हणाला, फोन कर ना काकांना. ती म्हणाली, असलं फोनवर सांगत नाहीत. उन्हाळा संपला, बर्फ पडलं, ती रोज विचारायची. शेवटी हिवाळ्यात रजा काढून मी तिला घेऊन तिकडे आले.

आधी आम्ही नालछ्याला गेलो, कारण आईला साक्षीदार हवा होता. कैलास भिया जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याची बायको अंगणात खाटेवर बसली होती, तिने आम्हाला चहा दिला. आईने विचारलं, ते कधी काही बोलले होते का, पाणी कुणी अडवलं म्हणून? "उनने तो उस दिन का कभी नाम ही नी लिया, माँजी," ती म्हणाली. "घर आ के बस जीप बेच दी." आई तिथून निघताना त्या बाईच्या हातात हात घालून उभी राहिली.

सरदारपूरला बाळकाका ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. खूप थकलेत, तुम्ही बघता आहातच. काकू, त्यांचा मुलगा, सून, सगळी होती. आईने बसायला नकार दिला. पदर खांद्यावरून घेऊन ती उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊजी, पाणी ह्यांनी नाही अडवलं. मी अडवलं. ह्यांनी माझं स्वतःवर घेतलं. तुम्ही भावाला उगाच टाकलंत." तिने हे वाक्य विमानात, टॅक्सीत, आंघोळ करताना पुटपुटून पाठ केलेलं मी ऐकलं होतं. आता काका ओरडतील, मला वाटलं. मला तर वाटत होतं ओरडावंच त्यांनी.

काका काठीला धरून उठले. आणि कष्टाने वाकून त्यांनी आईच्या पायांना हात लावला.

"वहिनी," ते म्हणाले, "तुमच्यासारखी तुम्हीच. गेलेल्या माणसाचा दोष सुद्धा आपल्या अंगावर घेता."

"अहो भाऊजी, खरं सांगतेय मी."

"हो, हो," काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. "बसा तुम्ही. काय बाई ही! अगं ए, वहिनींना पाणी आण."

आईने पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून, बादली, नैवेद्य, पत्ते. जितकं नीट सांगत गेली तितकं ते तिला जास्त मोठी करत गेले. शपथ घेते म्हणाली तर काकूने तिच्या तोंडावर हात ठेवला. नानांना त्यांनी माफ केलं का? तेही केलं म्हणे. "दादाचं नशीब थोर, अशी बायको मिळाली." म्हणजे दोष नानांच्याच पदरात राहिला, फक्त आता वर आईच्या थोरवीची शाल.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, कारण ते तुम्हीच केलंत. काकांच्या सुनेने ग्रुपवर टाकलं. हात जोडलेली चित्रं, फुलं, नमन त्या माउलीला. आम्ही देवासला आत्याकडे उतरलो होतो, तर तिथल्या भजनी मंडळात तिला पुढच्या रांगेत बसवायला लागले. एक बाई घरी येऊन म्हणाली, तुम्ही म्हणजे साक्षात सती. आई उठून आत गेली ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. कुणाला वाईट बोलायचं नव्हतं, ते मला कळतं. तरी सांगते, थांबवा. बाळकाका, तुम्हाला कुणी हे वाचून दाखवत असेल तर ऐका. तिला देवी करू नका. व्हरांड्यात कैलास भियावर ओरडलात तसे एकदा तिच्यावर ओरडा. ती तेवढ्यासाठी सात समुद्र ओलांडून आली होती.

आणि आता माझं. हे लिहायचं नव्हतं, पण मग बाकीचं तरी कशाला लिहिलं?

देवासला आईशेजारी झोपले असताना मला आमची धारची सिगडी आठवली. आई स्वयंपाक झाला की धगधगत्या कोळशांवर पाण्याचा हबका मारायची, कोळसे दुसऱ्या दिवशी उपयोगी पडावेत म्हणून. चर्र असा आवाज व्हायचा. मला नाना सुद्धा आठवले. अग्नीवर पाणी नाही, दिवा विझवला म्हणू नये, हे सगळं आम्हाला सतत सांगणारे नाना होते. ते वाक्य नानांच्या तोंडचं वाटतं, आईच्या तोंडचं वाटत नाही. सकाळी मी सहज केल्यासारखं तिला सिगडीचं विचारलं. ती म्हणाली, "घरचे कोळसे वेगळे गं. तिथे नैवेद्य झाला होता." उत्तर बरोबर आहे. पण ती खूप पटकन म्हणाली. मग मला वाटायला लागलं की एकट्या पडलेल्या, मरणाच्या दारात उभ्या असलेल्या बाईने नवऱ्याला सोडवण्यासाठी हे रचलं असेल. आणि दुसऱ्याच मिनिटाला वाटलं, सरदारपूरला वाटलं तेच मला वाटतंय, मग माझ्यात नि त्यांच्यात फरक काय? दोघांपैकी एकाने दुसऱ्याला वाचवलं. कुणी कुणाला, हे मला मरेपर्यंत कळणार नाही. मी तिथे होते. चिंच चोखत होते.

आई माझ्याबरोबर परत आली नाही. तिकीट होतं, बॅग भरलेली होती, ती दारात बसून राहिली. "तिथे मला कोण ओळखतं? इथे राहिले तर कुणीतरी कधीतरी मानेल." देवासलाच, आत्याच्या घराच्या माडीवर ती आता भाड्याने राहते, भजनाला जाते, पुढच्या रांगेत बसवतात तिथे बसते. निघताना मी नमस्काराला वाकले तर तिने पाय मागे घेतले. त्या एका हालचालीने मला जे झालं ते धार सोडताना झालं नव्हतं, कॅनडाला निघताना झालं नव्हतं. मेटॅडोरमध्ये निदान आम्ही तिघं एकाच बाजूला चाललो होतो.

इथे लोक विचारतात, होम कुठलं? मी इंडिया म्हणते, ते मान डोलावतात. धारला आमचं कुणी नाही. देवासचं घर दुसऱ्याचं झालं. इथलं घर समीरचं नि माझं आहे, त्याला अंगण आहे, उन्हाळ्यात त्यावर राख पडते. माझं घर आता रोज सकाळी फोनवर असतं, तिकडे आईचं रात्रीचं जेवण उरकलेलं असतं तेव्हा. ती औषधाचं सांगते, टेकडीवरच्या गर्दीचं सांगते, समीर खातो का नीट ते विचारते. मग थांबते. "विनू, तू तरी मानतेस ना?"

मी हो म्हणते. लगेच म्हणते, मध्ये श्वासही घेत नाही. ती "बरं" म्हणते आणि फोन ठेवते. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते, म्हणजे तिला कळलेलं आहे.